आठवा दात

हंसवळण, युकॉन नदी
रविवार, १६ एप्रिल १९७८

प्रिय रोल्फ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, कोणी मेलेलं नाही. मी धडधाकट आहे. सरपण अजून दीड महिना पुरेल. गुडघा दुखतो, पण तो बाबा होते तेव्हाही दुखायचा. आता बातमी. बाबांचा रेडिओ चालू झाला. मी केला. कुणाला दाखवायला न नेता, कुणाला न विचारता, या जेवायच्या टेबलावर बसून माझ्या दोन हातांनी केला. हे वाक्य हवं तर पुन्हा वाच. मी लिहून झाल्यावर दोनदा वाचलं.

अडीच वर्षांनी आई पत्र लिहिते आणि त्यात रेडिओचं काय घेऊन बसली, असं तुला वाटेल. पण सुरुवात तूच केली होतीस. बाबांना पुरून आपण घरी आलो, तू कोटसुद्धा काढला नव्हतास, आणि म्हणालास, "आई, तू इथे एकटी राहणार कशी? बाबांशिवाय तुला साधे रेडिओचे सेल बदलता येत नाहीत." तुझ्या बोलण्यात काळजी होती, हे आज कळतं. त्या दिवशी मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी मूस हरिण सोलते, जाळी विणते, बर्फाला भोक पाडून पाणी काढते, आणि माझ्या पोटचा पोरगा माझं माप सेलांवर काढतो! मग मीही तोंडाला येईल ते बोलले. तुझ्याबरोबर आलेली तुझी डोरिन लाल टोपी घालून दारातच उभी राहिली होती, तिला मी चहासुद्धा विचारला नाही. पुढे तुझी तीन पत्रं आली. 'शहरात ये' यापलीकडे त्यात काय असणार, असं ठरवून मी ती न फोडताच परत धाडली. विमानातून टपाल आणणारा डेल्बर्ट म्हणाला, "बाई, नेतो मी, पण नेताना बरं वाटत नाही." मी म्हटलं, "तुला बरं वाटावं म्हणून टपालखातं काढलेलं नाही." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली मी.

आणि मला एवढं झोंबायचं कारण सांगू? तू म्हणालास ते खरं होतं. सेलांना मी कधी हात लावलेला नव्हता, कारण बाबा लावू द्यायचे नाहीत. आठवतंय ना तुला? दर शुक्रवारी सहा वाजता चुलीमागे टांगलेला लोकरी मोजा ते खाली काढायचे, त्यातले सहा ऊबदार सेल एकेक करून बसवायचे, सव्वासहाला नदीकाठच्यांसाठी वाचतात ते निरोप ऐकायचे, आणि ऐकून झाले की सेल पुन्हा मोज्यात. थंडीत सेल रेडिओत ठेवणारा माणूस आणि होडी न बांधता झोपणारा माणूस एकाच लायकीचा, असं ते म्हणायचे. त्या शेवटच्या शुक्रवारी मात्र त्यांनी सेल काढले नाहीत. "छातीत जरा जड वाटतंय, नंतर काढतो," म्हणाले आणि आडवे झाले. रविवारी गेले. मी रेडिओचं बटण तेवढं बंद केलं. सेल काढायला हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. त्यांच्या हातांनी या घरात बसवलेली ती शेवटची गोष्ट होती, रोल्फ. ती काढून मोज्यात टाकायची म्हणजे ते खरोखरच गेले असं झालं असतं. तेव्हा ठेवले तसेच राहू दिले. नाताळाच्या सुमारास बटण फिरवलं तर रेडिओ ढिम्म. मागून पांढरं, हिरवट काहीतरी ओघळलं होतं.

तेव्हाच मी कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय, तर रोल्फ बरोबर बोलला, म्हातारीला सेल बदलता येत नाहीत. ती बातमी वाऱ्यावर स्वार होऊन तुझ्यापर्यंत पोहोचली असती. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची! रेडिओ कातडी पिशवीत घालून फळीवर ठेवला, त्याच्यावरची धूळ नेमाने पुसली, आणि कुणी विचारलं, "शुक्रवारी ऐकलंस ना?" की मी म्हणायची, "ऐकलं की!" सुरुवातीला जीभ अडखळायची. पुढे इतकी सवय झाली की मी ऐकलेल्या बातमीवर मतही द्यायला लागले.

कुणी मला पकडलं नाही, कारण नदीचा नियम. तो तुला सांगायला नको, त्या नियमापायी तुझा कान लाल झाला होता. तू सात वर्षांचा असशील. दुकानात भर गर्दीत तू त्या बिचाऱ्या सुताराला म्हणालास, "काका, तुमची बायको परत येणार नाही ना? रेडिओवर सांगितलं." बाबांनी तुझा कान धरून तुला बाहेर नेलं. निरोप ज्याच्या नावाचा, कान त्याचाच, बाकी सगळी नदी बहिरी. चारशे मैलांतल्या प्रत्येक झोपडीत प्रत्येकाचा निरोप ऐकू जातो, लग्नं, भांडणं, आजारपणं, सगळं. तरी ज्याचा त्याने विषय काढल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. एवढी एक लाज पाळतो म्हणून आपण इथे एकमेकांना तोंड दाखवू शकतो, असं बाबा म्हणायचे. मला तो नियम फार आवडायचा. माझ्यावरच उलटेपर्यंत आवडायचा.

आता एफीचं सांगते. खालच्या वळणावरची एफी, तुला लहानपणी सुक्या सामन माशाच्या पट्ट्या चघळायला द्यायची, तीच. गेल्या उन्हाळ्यात, मासे नुकते चढायला लागले तेव्हा, ती होडी वल्हवत पाच मैल वर आली. हातात क्रॅनबेरीच्या मुरंब्याची बरणी, आणि चेहरा असा की काही विचारू नकोस. बसली, माझ्याकडे बघत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "मग? शुक्रवारी ऐकलंस ना?" मी म्हटलं, "ऐकलं की." तिचा जीव भांड्यात पडला. "आठ पौंड!" ती म्हणाली. मला वाटलं, माशांचं चाललंय. मी म्हटलं, "आठ पौंडांचं काय कौतुक, एफी? माझ्या आयव्हरने याच वळणावर चाळीस पौंडांचे ओढलेत. यंदाचे मरतुकडेच दिसतात." एफी उठली. बरणी ठेवून गेली एवढंच, पण जाताना माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या कुत्र्याला विष घातलं. नंतर दोन महिने ती फिरकली नाही. एका माशावरून इतकं काय रुसायचं, असं मला वाटत राहिलं.

मग सप्टेंबरात वर कुठेतरी धो धो पाऊस झाला. एफीचा पुतण्या जाता जाता ओरडून विचारून गेला, "मावशी, पाण्याचं ऐकलंत ना?" मी म्हटलं, "ऐकलं की!" आणि निवांत भाकरी भाजत बसले. दुसऱ्या दिवशी बाबांची होडी गेली. ती एफीच्या काठाला अडकलेली सापडली. तिने ती दोरीने बांधून वर आणून दिली. होडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग फळीवरच्या रेडिओकडे. आठवड्याने पुन्हा आली आणि फडक्यात गुंडाळलेले सहा सेल टेबलावर ठेवले. "माझ्याकडे जास्त झालेत." मी आभार मानून ते खणात टाकले. नाताळला तिने भेट पाठवली, उघडून बघते तर सहा सेल. मार्चमध्ये आणखी सहा. माझ्या खणात अठरा सेल झाले, रोल्फ, आणि एफीच्या स्वतःच्या घरात विजेरीला सेल नव्हते, हे मला मागाहून कळलं.

तिसऱ्या खेपेला तिने चहाचा कप बाजूला सारला. म्हणाली, "हल्डा, तुझा रेडिओ मेलाय. आयव्हर गेला तेव्हापासून मेलाय आणि तू आम्हाला सगळ्यांना मूर्ख बनवत आलीस." मी काही बोलणार, तर हात वर करून म्हणाली, "थांब. तुझ्या नावाचं काय ते मी सांगणार नाही. माझ्या आईने तो नियम मोडला नाही, मीही मोडणार नाही. पण रेडिओ दुरुस्त होईपर्यंत या घरात मी चहा पिणार नाही." म्हटलं, "पुतण्याला पाठव, करून देईल." तर म्हणते, "का? तुला हात नाहीत?" गेली निघून. अडीच वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. तू बोलला होतास त्याच्या नेमकं उलटं बोलली, आणि तितकंच झोंबलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि नाण्याने मागचे स्क्रू काढले. आत बघवेना. बाबांनी बसवलेले सहाही सेल फुटून, फुगून, एकमेकांना चिकटून बसले होते. ते मी रडत रडतच काढले, हे तुला सांगायला लाज वाटत नाही. मग व्हिनेगरचं भांडं घेतलं, काडीला कापूस गुंडाळला आणि घासत बसले. फसफसून सगळी घाण वर आली. एक स्प्रिंग पार कुरतडून गेली होती. तिच्या जागी काय लावावं? तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी बाबांच्या बंदुकीतल्या काडतुसाचं रिकामं पितळी नळकांडं घेतलं, कापलं, ठोकून पत्रा केला, वाकवून बसवला. आतली एक तारही तुटली होती. डाख द्यायला बाबांच्या डब्यात तार सापडली, पण वीज कुठून आणू? होडीचा तांब्याचा मोठा खिळा चिमट्यात धरून चुलीत तापवला. डाख धरेना, नुसता गोळी होऊन घरंगळायचा. तेव्हा आठवलं की बाबा आधी स्प्रूसच्या झाडाचा चीक लावायचे. लावला. धूर झाला, घरभर जंगलाचा वास सुटला, आणि डाख बसला. त्या क्षणी समोर कुणी असतं तर मी त्याला मिठी मारली असती. कुणी नव्हतं म्हणून चुलीला म्हटलं, "बघितलंस?"

उंदराने आवाजाच्या पडद्याला भोक पाडलं होतं. तिथे बाबांच्या सिगारेटचा पातळ कागद कणकेच्या खळीने चिकटवला. सशाच्या फासाची तार खिडकीतून समोरच्या स्प्रूसपर्यंत ताणली, आवाज ओढायला. मग एफीचे सहा सेल एका रांगेत, सगळ्यांची डोकी एका बाजूला, शिपायांसारखे बसवले आणि बटण फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही. तुझ्या आजीने जन्मात ऐकले नसतील असे शब्द मी त्या रेडिओला ऐकवले. तेवढ्यावर थांबले नाही, तुलाही ऐकवले, आणि मग बाबांनाही.

दोन दिवस त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुरुवारी सकाळी पिंपातून खारवलेले मासे काढत होते. मासे पिंपात कसे भरतो आपण? एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे, डोकं-शेपूट, डोकं-शेपूट. आणि हात मिठात असतानाच मला बाबांचे हात दिसले, मोज्यातून सेल काढून बसवणारे. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. ते अगदी मासे भरल्यासारखेच बसवायचे! खुणेचा कागद आत होता, तो त्या घाणीने खाल्ला होता, मला कुठून कळणार? हात न पुसताच धावले. एक वर, एक खाली. बटण फिरवलं. आधी खरखर, मग लांबून शिट्टीसारखं काहीतरी, आणि मग एक माणूस खणखणीत आवाजात बर्फाच्या नांगराचा भाव सांगायला लागला. रोल्फ, जगातलं कुठलंही गाणं मला त्या नांगराइतकं गोड लागलेलं नाही. एकसष्ट वर्षांची बाई मिठाच्या हातांनी स्वयंपाकघरात नाचली. सेल बदलता येत नाहीत म्हणे! मी अख्खा रेडिओ बदलला.

परवा शुक्रवार. सहा वाजता मी केस विंचरले, स्वच्छ झगा घातला, मोज्यातले ऊबदार सेल बसवले आणि बाबांच्या खुर्चीत बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. सव्वासहाला ती निरोपवाली बाई आली. आवाज तोच, जरा म्हातारा झालाय. कुणाच्या करवतीची साखळी पुढच्या विमानाने येतेय. कुणाच्या दाढदुखीवर दवाखान्याने औषध पाठवलंय. कुणाची बहीण म्हणते, कुत्री व्याली, एक पिल्लू ठेवलंय. आणि मग, मध्ये श्वासही न घेता, तिने वाचलं: "हंसवळणच्या आईसाठी. आठवा दात आला. तोंडात बोट दिलं तर खैर नाही. आम्ही तिघं ठीक. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. रोल्फ." आणि लगेच पुढचा निरोप, कुणाच्या तरी बटाट्यांच्या बियाण्याचा.

मी तशीच बसून राहिले. आठवा. म्हणजे आधीचे सात. तिघं. म्हणजे तू, डोरिन, आणि. 'पुन्हा' म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं. ती बाई इतक्या सरावाने 'हंसवळणच्या आईसाठी' म्हणाली की हे शब्द तिने शंभरदा तरी म्हटले असणार. आणि मग आठ पौंड आठवले. एफी माशाबद्दल बोलत नव्हती! ती पाच मैल होडी वल्हवून माझ्याबरोबर आनंद करायला आली होती आणि मी तिला म्हटलं, यंदाचे मरतुकडेच. पोरा, त्या वाक्यासाठी मला माफ कर. ज्याला म्हटलं ते मोठं झालं की त्याचीही माफी मागेन. तोवर त्याला आठ दातांनी मला चावू दे.

किती वेळ गेला कुणास ठाऊक, सेल काढायचं भान राहिलं नव्हतं. भानावर आले ती एका विचाराने. पत्र परत पाठवता येतं, रेडिओ परत पाठवता येत नाही. हे तू ओळखलंस. आई ऐकते आणि उत्तर देत नाही, असंच तुला वाटत असणार. सगळ्या नदीलाही तसंच वाटलं असणार. तरी तू एक शुक्रवार चुकवला नाहीस. चारशे मैल लोक ऐकताहेत, त्यांच्यासमोर दर आठवड्याला उभं राहायचं आणि ज्या आईने पत्रं फोडली नाहीत तिला म्हणायचं, दात आला. मी रेडिओ दुरुस्त केला म्हणून गुरुवारपासून फुशारक्या मारत होते. पण तू केलंस ते त्याहून अवघड होतं. मला तुझा अभिमान वाटतो, रोल्फ. बाबांना किती वाटला असता, ते लिहायला बसले तर कागद भिजेल.

काल एफी आली. झाडापर्यंत गेलेली तार बघितली, माझे सुजलेले डोळे बघितले, आणि खुर्ची ओढून म्हणाली, "चहा टाक." दोन कप प्यायली. निघताना एवढंच म्हणाली, "उरलेले सेल दे परत. विजेरीशिवाय मी दोनदा पडले." तिला सगळं ठाऊक आहे, पहिल्या शुक्रवारपासूनचं. मी विचारलं असतं तर नियमाप्रमाणे ती सांगायला मोकळी होती. ओठांवर आलं होतं. गिळलं.

कारण ते मला तुझ्याकडून ऐकायचंय, आणि म्हणूनच हे पत्र. डेल्बर्ट मंगळवारी येतोय. बर्फ काळं पडायला लागलंय, त्यावर उतरायची त्याची ही शेवटची खेप. त्यानंतर नदी मोकळी होईपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, ना विमान ना होडी. मला तेवढा धीर धरवणार नाही. शहरात मी येणार नाही, ते तसंच आहे. पण पहिल्या होडीने तुम्ही तिघं इकडे या. डोरिनला सांग, चहा अडीच वर्षं उकळतोय. ते सात दात, पहिलं हसणं, पहिला ताप, सगळं मला पहिल्यापासून सांगायचं. पण या शुक्रवारी निरोपात एकच शब्द पाठव. युकॉनच्या काठावरच्या प्रत्येक माणसाला तो ठाऊक आहे, त्या बटाट्याच्या बियाणेवाल्यालाही. फक्त मला ठाऊक नाही. बाळाचं नाव काय ठेवलंत?

शुक्रवारी सव्वासहाला बाबांच्या खुर्चीत बसलेली,
तुझीच आई